तक्रार : ‘दिव्यांगस्नेही’ म्हणून विकलेले संगणक अभ्याससाहित्य वापरता येत नसल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या प्रशिक्षण केंद्रासाठी आपल्याकडून घेतलेल्या मराठी संगणक अभ्यासक्रमावर ‘दिव्यांगस्नेही’ असे छापले आहे. साहित्य तपासल्यावर हा दावा टिकत नाही.

पहिल्या सहा धड्यांचा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. डोळ्यांना मराठी दिसते, पण फाइलमध्ये असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) तीच वाचतो. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, लगेच दिसेल. पुढचे चार धडे म्हणजे स्कॅन केलेली पाने, नुसती चित्रे. तिथे वाचायला अक्षरच नाही.

एक्सेलचे धडे तेवढे युनिकोडमध्ये आहेत. पण बेरीज शिकवताना लिहिले आहे, ‘बाणाने दाखवलेल्या बटणावर क्लिक करा.’ चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारे लेखी वर्णन) नाही, मग ऐकणाऱ्याला बटण कळणार कसे? ‘आकड्यांखालच्या रिकाम्या सेलवर जा, ऑल्ट दाबून बरोबरचे चिन्ह (=) दाबा, कोणते सेल घेतले ते तपासा, एंटर दाबा’ एवढे लिहिले असते तरी भागले असते. ज्यांना माउस धरता येत नाही त्यांनाही हेच उपयोगी पडते.

व्हिडिओतही निवेदक ‘इथे क्लिक करा, आता इथे’ एवढेच म्हणतो. सबटायटल्स आपोआप तयार झालेली, कुणी तपासलेली दिसत नाहीत.

चाचणीत जोड्या माउसने ओढूनच लावाव्या लागतात. कीबोर्डने काहीच हलत नाही. साधी ड्रॉपडाउन यादी पुरली असती. २० मिनिटांची मुदत वाढवायची सोय नाही. सूचनांची फिकट राखाडी अक्षरे अल्पदृष्टी असलेल्यांना दिसत नाहीत. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर) लागतो.

कृपया पीडीएफवर डागडुजी करू नका. मूळ वर्ड फाइल युनिकोडमध्ये आणा, मथळे नुसते ठळक न करता त्यांना हेडिंग स्टाइल द्या आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ने पीडीएफ करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ने टॅग (मथळा कोणता, परिच्छेद कोणता हे सांगणाऱ्या फाइलमधल्या खुणा) गळतात, मग एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही.

दुरुस्त केलेल्या वर्ड फाइल, व्हिडिओ आणि चाचणी ३० दिवसांत मिळावी, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी. पाठवण्याआधी प्रत्येक धडा रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्या. सॉफ्टवेअरच्या तपासणीत पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच कळते. तो कामाचा आहे का, हे कळत नाही.

आपले विश्वासू,
प्रशिक्षक, संगणक विभाग