‘बोर’ छापताना माप कशाचे तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बातम्यांत ‘बोर’ हा शब्द वारंवार येतो. गुन्ह्यांच्या बातमीत ‘32 बोरचे पिस्तूल’ असते, पुरवणीत कोणी सुट्टीत ‘बोर’ झालेले असते. बोलताना अडत नाही, वस्तू समोर असते. छापलेला आकडा मात्र चुकीचा वाचला जातो आणि पाण्याच्या बाबतीत त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

इंग्रजीत स्पेलिंग एक असले तरी हे शब्द मुळात वेगवेगळे आहेत. भोक पाडण्याचा ‘बोर’ जुन्या इंग्रजीतल्या ‘बोरिअन’पासून आला. जर्मन ‘बोरेन’ त्याचा सख्खा भाऊ, लॅटिन ‘फोरारे’ चुलत. ‘वाहून नेले’ या अर्थाचा ‘बोर’ हे ‘बेअर’चे भूतकाळी रूप. त्याचे कूळ संस्कृत ‘भृ’चे, म्हणजे आपल्या ‘भार’चे. भरतीचे पाणी नदीच्या मुखातून भिंतीसारखे उलटे चढते, त्याला टायडल बोर म्हणतात. हुगळीत तो दिसतो आणि बंगालीत त्याला ‘बान’ असा स्वतःचा शब्द आहे. हा ‘बोर’ बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या लाटेचा. कंटाळ्याचा ‘बोर’ इंग्रजीत 1760च्या दशकात दिसू लागतो, त्याचे मूळ कोशकारांना आजही ठरवता आलेले नाही. आपले खायचे बोर या कुळातले नाहीच. ते संस्कृत ‘बदर’चे, बदरीनाथातल्या बदरीचे.

आता पाण्याची बोर. ‘विंधनविहीर’ हा तिच्यासाठी नेमका शब्द आहे. विंधणे म्हणजेच भोक पाडणे. बातम्यांत तिच्याऐवजी ‘कूपनलिका’ येते, ते बरोबर नाही. कूपनलिका गाळाच्या जमिनीत घेतात, तिथे भोक स्वतःहून उभे राहत नाही, म्हणून तळापर्यंत पाइप आणि पाण्याच्या थरासमोर फटींची जाळी लागते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. केसिंग, म्हणजे भोकात बसवायचा पाइप, फक्त वरची माती आणि मुरूम संपेपर्यंत, पण ते कठीण खडकात नीट बसवावे लागते. अधांतरी राहिले तर माती-मुरूम आत ढासळतो, पंप अडकतो आणि वरचे घाण पाणी आत झिरपते. शब्द चुकला की नवखा माणूस दरपत्रकात तळापर्यंतचे केसिंग मान्य करून बसतो.

सर्वांत मोठा घोळ ‘इंच’ या शब्दाचा. ‘साडेसहा इंची बोर’ हा भोकाचा व्यास. ‘व्ही 4’ पंप म्हणजे किमान चार इंची भोकात उतरणारा पंप. साडेचार इंची बोरमध्ये तो जातो, ‘व्ही 6’ जात नाही. आणि ‘दोन इंची पाणी लागले’ हे तिसरेच माप. कोणी दोन इंची पाइप भरून पडणाऱ्या पाण्याला तसे म्हणतो, कोणी व्ही नॉच पट्टीवरच्या, म्हणजे ‘व्ही’ आकाराची खाच असलेल्या पट्टीतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीला. काटकोनी नॉचवर एक इंच म्हणजे तासाला साधारण 500 लिटर. दोन इंच म्हणजे 1,000 नव्हे, सुमारे 2,900 लिटर, कारण प्रवाह उंचीच्या अडीच घाताने वाढतो. बातमीत नुसते ‘दोन इंची’ न लिहिता तासाला किती लिटर ते लिहावे. विहिरीच्या तळातून मारलेले बोर उभे की आडवे, हेही सांगावे.

गॅरेजमधला बोर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. 50 मिमी बोर आणि 49.5 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) असला की एका सिलिंडरचे इंजिन 97.2 सीसीचे. रीबोर करताना, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून मोठा करताना, आधी ओव्हरसाइज (मोठ्या मापाचा) पिस्टन आणून मोजायचा, मग त्या मापाला सिलिंडर कापायचा. उलट केले की पिस्टन आणि सिलिंडरमधली फट हुकते. कमी राहिली तर पिस्टन जाम, जास्त झाली तर इंजिन ऑइल जाळते आणि धूर मारते. वाहन पुरवणीत ‘बोर वाढवला’ एवढेच न छापता किती मिलिमीटरने ते छापावे.

बंदुकीच्या बातम्यांत एक टिंब हरवते आणि सगळा अर्थ बदलतो. ‘12 बोर’मधला 12 हा व्यास नव्हे. नळीत बरोबर बसतील असे शिशाचे गोल 12 गोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती 12 बोर. व्यास सुमारे 18.5 मिमी. याच हिशोबाने 20 बोरची नळी लहान, सुमारे 15.6 मिमी. आकडा वाढला की भोक घटते. पिस्तुलाचे 32 मात्र .32 आहे, इंचाचा भाग, म्हणजे साधारण 8 मिमी. रायफलीचे 315 हेही .315 इंचच. टिंब गाळून ‘12 बोर’ आणि ‘32 बोर’ शेजारी छापले की वाचक दुसरे हत्यार मोठे समजतो. तिथे ‘.32 इंच’ असे लिहावे, ‘बोर’ हा शब्द छर्‍याच्या बंदुकीपुरता ठेवावा.

कळावे,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)