काकू, तुम्ही वरचं हँडल धरलं नाहीत

ती. काकूंना सा. न. वि. वि.

काल रात्री साडेदहाला मुलांना घेऊन सुखरूप घरी पोचले. फोनवर एवढंच सांगितलं, कारण पुढे एक शब्द जरी बोलले असते तरी रडू फुटलं असतं. म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण डेन्व्हरला दरवर्षी माझ्यासारखं कुणी ना कुणी नवीन येतं, घरात लहान मुलं म्हणून मोठी गाडी घेतं, आणि त्या प्रत्येकाला बर्फात गाडी चालवायला शिकवणारं तुमच्यासारखं माणूस भेटतंच असं नाही.

डोंगरापलीकडच्या डिलन गावाहून निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. आयझेनहॉवर बोगद्यातून, म्हणजे अकरा हजार फुटांवरून, या बाजूला बाहेर पडलो आणि समोर सगळं पांढरं. जॉर्जटाउनच्या उताराला लागलो तेवढ्यात पुढचा पिकअप घसरून आडवा झाला. काकू, मी ब्रेकवर उडी मारली नाही. गाडी आधीच खालच्या गिअरमध्ये होती, मध्ये अंतर भरपूर होतं. पाय ब्रेकवर टेकवला, हळूहळू दाबत नेला, आणि त्याच्या अलीकडे दोन गाड्या मावतील एवढी जागा ठेवून आमची गाडी उभी राहिली. मागे धाकटा झोपला होता. तो जागासुद्धा झाला नाही.

डिसेंबरमध्ये हीच गाडी, हेच हात, आणि घराजवळचा साधा उतार. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ पुढे चालत राहिली. स्टिअरिंग वळवलं तरी नाक वळेना. चौक ओलांडून पलीकडच्या चरात गेलो. कुणाला खरचटलंही नाही, पण पुढे महिनाभर बर्फाचा अंदाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा.

ज्या शोरूममधून गाडी घेतली तिथल्या माणसाने सांगितलं होतं, "ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, बर्फाची काळजीच सोडा." मी दोनदा विचारलं होतं, वेगळे टायर लागतील का? तो हसला होता. ते हसू मला अजून सलतं. एका आईला तो हे सांगत होता. चरातून गाडी ओढणाऱ्याने आधी कार्ड मागितलं, मग मुलं कशी आहेत ते विचारलं. आणि आपली माणसं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विषय निघाला तेव्हा जिने तिने एकच सांगितलं, थंडीत तू चालवूच नकोस. नवरा पंधरा पंधरा दिवस फिरतीवर, मुलांची शाळा सहा मैलांवर, आणि म्हणे चालवू नकोस.

त्या गर्दीत तुम्ही तिळगूळ हातावर ठेवलात आणि विचारलंत, "टायर कुठले आहेत गं?" एवढ्या दिवसांत तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

रविवारी सकाळी सातला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तुम्ही मला आधी गाडीतून खाली उतरवलंत. "चाल, पायाला विचार रस्ता कसा आहे ते." चार पावलांत दोनदा घसरले. मग म्हणालात, "चारही चाकांना ताकद जाते ती गाडी निघताना. म्हणून तुला वाटतं रस्ता चांगला आहे. थांबताना प्रत्येक गाडी चार चाकांवरच थांबते, तिथे तुझ्या गाडीला वेगळं काही मिळत नाही. वर हे दोन टनांचं धूड, ते लवकर थांबेल कसं?" एका वाक्यात माझा डिसेंबर मला कळला. साध्या टायरचं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं, बर्फाच्या टायरचं मऊ राहतं, हे तुमच्याकडूनच कळलं. डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण टायरवर बोट फिरवून कशी शोधायची, तेही. इथला कायदासुद्धा नुसत्या ऑल-व्हीलवर कुणाला सोडत नाही. १ सप्टेंबर ते ३१ मे, डोंगरातून जाणाऱ्या आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉट्सेरो, टायरची नक्षी निदान ३/१६ इंच खोल हवीच. शोरूममध्ये हे कुणी बोललं नाही.

मग म्हणालात, वेग घे आणि जोरात ब्रेक मार. पायाखाली पेडल थरथरलं, खडखड आवाज आला. मी घाबरून पाय काढला. "काढू नकोस. ते एबीएस आहे, ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ देत नाही, त्याला काम करू दे. आणि जिकडे जायचंय तिकडे बघ, खांबाकडे नको." दहा-बारा वेळा केलं असेल. एकदा गाडी मागून सुटली आणि अर्धी गिरकी घेऊन उभी राहिली.

तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. डिसेंबरपासून जो कुणी शेजारी बसला, त्याचा हात खिडकीच्या वरच्या हँडलवर असायचा. नवऱ्याचासुद्धा. तुमचे दोन्ही हात मांडीवर होते, चष्म्याच्या डबीवर. गिरकी घेतानाही ते हलले नव्हते. तुम्ही म्हणालात, "हं, परत." एकाहत्तराव्या वर्षी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने माझ्या हातात जीव देऊन हात मांडीवर ठेवले. बाकी सगळं मी कदाचित कुठे वाचून शिकले असते. हे नसतं मिळालं.

तुमचे वडील वाई डेपोत एसटी चालवायचे. पसरणी घाटातलं त्यांचं वाक्य तुम्ही मला दिलंत, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. काल बोगद्यातून बाहेर पडताना मी ते मोठ्याने म्हटलं. मोठीने विचारलं, आई, कुणाशी बोलतेस?

बदल्यात काही घ्याल तर शपथ. टायर बदलल्यावर पेढे आणले, त्यातले निम्मे मुलांसाठी परत दिलेत. काकू, चांगली माणसं असतात हे मला माहीत होतं. पण दुसऱ्याची भीती न हसता, न झिडकारता ऐकून घेणारी आणि मग रविवारची झोप मोडून येणारी फार थोडी.

तुमची चष्म्याची डबी मागच्या आठवड्यात माझ्या गाडीत राहिली. काल निघताना मी ती मुद्दाम शेजारच्या सीटवर ठेवली होती. रविवारी आणून देते. गाडी मीच चालवत येईन, बर्फ असला तरी.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली