मुंबईतली मैदानं अन् बागा पायी बघा

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्ट्या आल्या की मुंबई दर्शनच्या बसच्या जाहिराती सुरू होतात, पण आपल्याकडचा माणूस मुंबईला हिंडायला कमी अन् कामानंच जास्त जातो. हापिसात पोचलं की "साहेब मिटिंगात आहेत, चार वाजता या". मग करायचं काय, तर लोक सीएसएमटीच्या फलाटावर पिशवी उशाला घेऊन पडतात. मीही गेल्या खेपेला तेच करणार होतो, पण भाचा म्हणे, "मामा, झोपता काहून, चाला माझ्यासंगं".

स्टेशनातून निघालं की आधी आझाद मैदान. आपल्याला ते माहीत आंदोलनापुरतं, मंडपात बसायचं, घोषणा द्यायच्या अन् रात्रीची गाडी पकडायची. पण तिथून रस्ता ओलांडला की क्रॉस मैदान, पुढं ओव्हल, त्याच्या पुढं कूपरेज, सगळं एका रांगेत. इंग्रजांनी किल्ल्यासमोर तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून जागा मोकळी ठेवली होती, तिचेच हे तुकडे. क्रॉस मैदानच्या बागेत लोखंडी चरखा उभा आहे, हा एवढा मोठा, आम्ही वर्धेकडचे, चरखा दिसला म्हणजे थांबणं आलंच. ओव्हलवर एका अंगाला हायकोर्ट अन् राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला गोलाकार गॅलऱ्यांच्या जुन्या बिल्डिंगा, २०१८ ला युनेस्कोनं हे सगळं जागतिक वारसा म्हणून धरलं. मधल्या वाटेनं चालताना दोन्हीकडं क्रिकेट, एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या पिचजवळ उभा, अन् कोणाचा चेंडू कोणाचा हे त्यांनाच ठाऊक बाप्पा! तिकीट काही नाही.

मलबार हिलला मात्र चढ आहे, गुडघे दुखत असतील तर बसनं जा. हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर केलेलं आहे हे तिथं उभं राहूनही कळत नाही, समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, पोरं तिथून हलत नाहीत.

सायकलचं म्हणाल तर शहरातल्या रस्त्यावर मी तरी चालवणार नाही, आपल्या आर्वी रोडचे ट्रक परवडले. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात मात्र सायकली भाड्यानं मिळतात, कान्हेरी लेण्यांकडं चढ लागतो पण सावली आहे, येताना पायडल मारायचं कामच नाही.

माझं म्हणणं इतकंच की टूरच्या जाहिरातीशेजारी एक छोटा नकाशा छापा, सीएसएमटी ते कूपरेज पायी. परळला पेशंट घेऊन गेलेल्या नातेवाइकांसाठी राणीबाग अन् शिवाजी पार्कही टाका, दिवसभर फुटपाथवर बसण्यापेक्षा झाडाखाली दोन तास तरी जातील. आणि राणीबाग बुधवारी बंद असते अन् नॅशनल पार्क सोमवारी, हे मोठ्या अक्षरात टाका.

आपला एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा