पालकमंत्री महोदय, बदलापूरला फक्त झोपायला येत नाही आम्ही

प्रति,
मा. पालकमंत्री, ठाणे जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती

विषय : बदलापूर परिसरातील मुक्कामाची सोय, मैदाने आणि बाजार यांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. विषयाची ओळ सरकारी झाली आहे, पुढचं पत्र तसं नाही.

मी २००४ साली डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून बदलापूरला आले. कारण इथल्या बहुतेकांचं असतं तेच: हातातल्या पैशांत तिकडे काही बसत नव्हतं. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती ९७,९४८ होती, २०११ साली १,७४,२२६. २०२१ ला मोजणी झालीच नाही, त्यामुळे पुढचा आकडा आम्ही सकाळच्या लोकलला लटकताना अंदाजाने काढतो. सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास गाडीत घालवणाऱ्या माणसाला रविवारी पोरांना कुठे न्यायचं म्हटलं, तर पुन्हा त्याच गाडीने ठाण्याला जावं लागतं. आणि त्याच रविवारी समोरच्या फलाटावर ठाणे-मुंबईची मंडळी भिजायला म्हणून उतरत असतात. ती येतात कोंडेश्वरला, बारवी धरणाकडे, चंदेरी किल्ल्याच्या पायथ्याला.

कोंडेश्वरचं आधी सांगते, कारण तिथे जीव जातात.

महादेवाचं जुनं देऊळ, शेजारी कातळावरून कुंडात पडणारं पाणी. बघायला सुरेख. पण कातळ शेवाळलेला, कुंडाचा तळ एकसारखा नाही, आणि वर डोंगरात पाऊस लागला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. भोज गावातल्या पोरांना हे चालायला लागल्यापासून ठाऊक असतं, घाटकोपरहून दुचाकीवर आलेल्या पोराला नसतं. पावसाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात, मग मनाई आदेश निघतो. पूर्वी कलम १४४ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आहे. आकडा बदलला, फलक तेवढा नवा लागला.

आदेशामागची काळजी मला कळते. पण रस्त्यावर उभं राहून बघितलं, की बंदीमुळे माणसं परत जात नाहीत हेही कळतं. शंभर रुपये खर्चून दोन तास प्रवास केलेला पोरगा पोलिसांनी अडवलं म्हणून लगेच परतीची गाडी पकडत नाही. तो शेताच्या बांधावरून आत शिरतो आणि जिथे देऊळ नाही, वस्ती नाही, हाक मारली तर ऐकायला कोणी नाही, असा दुसरा ओढा शोधतो. कोंडेश्वरला निदान माणसं तरी होती.

मागच्या जुलैत मी माहेरच्या पाहुण्यांना घेऊन त्या बाजूला गेले होते. एका रिक्षाच्या आडोशाला दोन बायकांनी ओढणी ताणून धरली होती आणि तिसरी कपडे बदलत होती. साधं स्वच्छतागृह नाही. एवढी माणसं येतात, त्यांच्यासाठी सोय म्हणाल तर वडापावच्या गाड्या आणि ‘सावधान’ लिहिलेली पाटी.

साहेब, मागणं फार मोठं नाही. भोज आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची पोहणारी पोरं निवडून त्यांना जीवरक्षकाचं शिक्षण द्या आणि जून ते सप्टेंबर मानधन. कुंडाला दोर, खोलीच्या खुणा, कपडे बदलायला खोल्या, संध्याकाळी पाचला बंद. स्टेशनपासून बस, म्हणजे दारू पिऊन गाडी हाकणारे थोडे तरी कमी होतील. लाल इशारा असेल त्या दिवशी खुशाल कुलूप लावा, पण अख्खा मोसम नको. गावकरी आणि वनखातं मिळून चालवतात त्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या राज्यात कितीतरी ठिकाणी प्रवेशशुल्क घेऊन असं काम चालवतात. जमीन वनखात्याची की महसूलची, हा वाद खालच्या टेबलांवर वर्षानुवर्षं फिरत राहील. नियोजन समितीच्या एका बैठकीत दोघांनाही आपल्यासमोर बसवता येतं, म्हणून तर पत्र आपल्याला.

मुक्कामाचं म्हणाल, तर हसू येईल असा प्रकार सांगते. भाचीच्या साखरपुड्याला साताऱ्याहून चौदा माणसं यायची होती. खोल्या बघायला म्हणून मी नणंदेला घेऊन एका लॉजवर गेले. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करताच विचारलं, “किती तासांसाठी?” वन्सं साठीच्या. त्या घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. नदीकाठच्या एका फार्महाऊसवर फोन केला, तर शनिवार-रविवार अख्खा बंगलाच घ्यावा लागेल म्हणाले. शेवटी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये गाद्या घातल्या.

आता त्या नदीकाठाबद्दल. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी कुठवर आली होती हे आमच्या पिढीला दाखवावं लागत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा कागदावर असते, पण रात्रीचं भाडं भरणाऱ्या पाहुण्याला ती कोण दाखवणार? मुक्कामाला परवानगी देताना खोली कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते दारावर लिहायला लावा. आणि राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. उंचावरच्या पाड्यांतल्या, गावांतल्या शेतकऱ्याने चार स्वच्छ खोल्या काढून तांदळाची भाकरी आणि पिठलं वाढलं, तर वन्सं आनंदाने राहतील. त्याला नोंदणीचा अर्ज भरून देणारं माणूस मात्र तालुक्यात बसायला हवं.

मैदानांचं दुखणं जुनं आहे आणि राज्यभर सारखंच, म्हणून थोडक्यात. एक एकराच्या आसपासच्या, म्हणजे ०.४ हेक्टर आणि वरच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) दहा टक्के जागा मोकळी ठेवायचा नियम आहे. ठेवतात. तिथे लॉन लावतात आणि ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी ठोकतात. पोरं मग इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळतात, नाहीतर वर्गणी काढून टर्फ भाड्याने घेतात, तासाला हजार रुपये. विकास आराखड्यातलं मैदानाचं आरक्षण दहा वर्षांत संपादित झालं नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढचे २४ महिने कोणी हललं नाही की आरक्षण जातं. आपल्याला एकच विनंती: इथली कोणती आरक्षणं येत्या दोन-तीन वर्षांत अशी सुटू शकतात, त्याची सर्व्हे नंबरसकट यादी चौकात लावा. बाकीचं नागरिक बघून घेतील.

राहिला बाजार. मे सरता सरता स्टेशनच्या रस्त्यावर आदिवासी बायका जांभळं घेऊन बसतात. बदलापूरच्या या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकन मिळालेलं ते जांभूळ पळसाच्या पानावर, वाटे लावून, रिक्षांच्या धुराड्यापाशी विकलं जातं. पहिल्या पावसात त्याच जागी रानभाज्या येतात: शेवळं, सोबत काकडं, मग टाकळा, कुळीची भाजी. माझी नेहमीची मावशी पाटीपुढे कधी मांडी घालून बसत नाही, उकिडवी बसते. का, तर उठायला वेळ नको लागायला. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्यात सर्वेक्षण आहे, जागा ठरवून द्यायची तरतूद आहे. स्टेशनपासून चालत जाता येईल असा एक छपराचा ओटा, पाणी, आणि मे ते ऑगस्ट फक्त रानच्या मालाला राखीव जागा. बाहेरून भिजायला आलेली माणसंही परतताना तिथूनच पिशवी भरून नेतील. आज ती घरी जातात तेव्हा या गावात मागे काय ठेवून जातात, तर चिप्सची पाकिटं.

आणखी एक. कोंडेश्वरच्या वाटेवर मनाई आदेशाचा फलक लागतो, त्याच्या खांबाला टेकून एक बाई कणसं भाजते. मागच्या वर्षी तिने कणसाला लिंबू चोळता चोळता मला विचारलं, “ताई, यंदा बंदी कधीपासनं? त्या हिशोबानं कणसं भरते.” मला सांगता आलं नाही. यंदाची तारीख आधी कळवलीत तर तिला निरोप देईन.

आपली,
एक बदलापूरकर