भाच्याच्या गाडीचा पीळ

प्रिय मित्रा,

भाच्याची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी परवा जखडली. ही बातमी तुलाच लिहायला हवी, कारण घरात कोणालाही सांगितली की "पण चालू झाली ना शेवटी?" एवढंच ऐकायला मिळतं. दगडी चढावरून उतरल्यावर आपल्या जीपने जे केलं होतं, अगदी तेच. तू तेव्हा लिव्हरला लाथ घातली होतीस आणि मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नव्हतो, ते आठवत असेल.

माझी तब्येत ठीक. रक्तदाबाची गोळी चालू आहे, काळजी करू नकोस.

तर त्याचा फोन आला, "मामा, गिअरबॉक्स गेला." आवाज रडवेला. गाडी पार्किंगमध्ये वळवताना कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालते, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की जागीच थांबते, स्टिअरिंग दगडासारखं जड, टायर चिरकतात, आणि लिव्हर फोर-हायमधून (चारही चाकांना इंजिनाची ताकद) टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना) यायला तयार नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका जाणकाराने ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) उघडावी लागेल असं सांगूनही टाकलं होतं. मी विचारलं, रस्ता कसला? म्हणे डांबरी, आता वाळलाय. आणि फोर-हाय कधीपासून लावलंय? म्हणे सकाळी पाऊस होता, तेव्हापासून.

मग पुढचं तुला सांगायला नको. रिव्हर्स टाक म्हटलं, ज्या वळणाने आत आलास त्याच वळणाने हळूहळू मागे जा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेव आणि लिव्हरवर नुसता हात ठेव, जोर लावू नकोस. थोडं मागे गेल्यावर आतून "कट्" असा आवाज आला, तो मला फोनवरही ऐकू आला, आणि लिव्हर आपोआप सुटली. तो ओरडला, "मामा, काहीतरी तुटलं!" मी म्हटलं, तुटलं काही नाही, पीळ सुटला.

इथे गोष्ट संपली असती तर मी पत्र लिहायला बसलोच नसतो. पण संध्याकाळी तो हसत म्हणाला, "म्हणजे अडकलं की रिव्हर्स घ्यायचा, एवढंच ना?" आणि पुढच्या महिन्यात बायकोमुलांना घेऊन डोंगरात जायचा बेत त्याने मला ऐकवला. जाता-येता पूर्णवेळ फोर-हाय लावून ठेवणार आहे, पावसाळी रस्ता आहे म्हणून. "चारही चाकं ओढतात, म्हणजे गाडी रस्त्याला धरून राहते." त्या क्षणापासून माझी झोप गेली आहे. मी समजावलं तर मामा जुन्या काळातला. तू सांगितलंस तर ऐकेल, तुझ्या शब्दाला त्याच्याकडे वजन आहे. पण तो आकड्यांशिवाय काही मानत नाही, म्हणून आकडे लिहून देतो. तू मध्येच तोडशील म्हणूनच फोन केला नाही.

वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, हे तो मान्य करतो. पुढे विचार करत नाही. समज, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये (चाकांच्या जोडीच्या आसांमध्ये) अंतर 2.4 मीटर आहे आणि मागच्या ॲक्सलचा मध्य 5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय. मग पुढच्या ॲक्सलचा मध्य साधारण 5.55 मीटर त्रिज्येवर फिरतो. काटकोन त्रिकोण मांडला की झालं, ते तो लगेच करेल. पूर्ण वर्तुळात मागचा ॲक्सल 31.4 मीटर चालतो आणि पुढचा 34.8. म्हणजे पुढच्या चाकांना जवळजवळ साडेतीन मीटर जास्त चालायचं आहे. नुसतं काटकोनात वळलं तरी फरक 85 सेंटिमीटरच्या आसपास पडतो. टायरचा घेर 2.2 मीटर धरला तर ही चाकाची साधारण 0.4 फेरी झाली, आणि ॲक्सलमधला गिअर चारास एक (शाफ्टच्या चार फेऱ्यांत चाकाची एक) असेल तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला, मागच्यापेक्षा दीड फेरी जास्त फिरायला हवं. एका कोपऱ्यावर दीड फेरी!

टू-हायमध्ये हे बिनबोभाट होतं. पुढची चाकं मोकळी असतात, त्यांना हवं तेवढं फिरतात. फोर-हायमध्ये लिव्हरने दोन्ही शाफ्ट एकमेकांना दातांनी घट्ट जोडलेले असतात. डाव्या-उजव्या चाकातला फरक सांभाळायला प्रत्येक ॲक्सलवर डिफरन्शियल आहे, पण पुढच्या-मागच्यातला फरक सांभाळायला मध्ये काहीच नाही. दीड फेरी जास्त मागणारा शाफ्ट आणि ती न देणारा शाफ्ट, दोघं एकाच साखळीवर किंवा गिअरवर. शाफ्ट दीड फेरी पिळला जात नाही, थोडासा पिळतो, सगळे सांधे आणि दात एका बाजूला दाबले जातात, आणि मग कुठेतरी टायरला घसरावंच लागतं. चिखलात, वाळूत, बर्फावर, सुट्या खडीवर टायर आपला आपण घसरतो आणि ताण निघून जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो. म्हणून गाडी जखडते, आणि दातांवर एवढा ताण असतो की लिव्हर बाहेर येत नाही. लाथ घालूनही येत नाही, हे तुला अनुभवाने माहीत आहे.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण मी तुझ्यावर किती वेळा वापरली असेल. या पिळाचं तसं नाही. खाली घसरायला जागा मिळाली की तो लगेच जातो. तुझा मात्र अजून आहे.

तो म्हणेल, मी सरळ रस्त्यावर चालवीन. तिथेही त्याला धर. त्याने नुकतेच पुढे दोन नवे टायर टाकलेत आणि मागे जुनेच ठेवलेत. (कोणी हे केलं होतं बरं पूर्वी? आणि कोण म्हणालं होतं की चारही एकदम बदलू? मी पुन्हा भांडण उकरून काढत नाही, पण बरोबर मीच होतो.) पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरात एक टक्क्याचा जरी फरक असला तरी एका किलोमीटरला दहा मीटरचा फरक पडतो. म्हणजे चाकाच्या साडेचार फेऱ्या, तेही अगदी सरळ रस्त्यावर, एकही वळण न घेता. झिजलेल्या आणि नव्या टायरमध्ये एवढा फरक सहज असू शकतो. वळणाचा पीळ निदान वळण संपलं की वाढायचा थांबतो, हा पीळ तर सरळ रस्त्यावरही चढत राहतो.

आता खरी काळजी. गाडीचं काय होतं ते सोड. युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) जाईल, साखळी सैल होईल, टायर तासले जातील, पैसे जातील. माझ्या डोळ्यासमोर ओल्या डांबराचं वळण येतं. ओला रस्ता त्याला वाटतो तेवढा निसरडा नसतो, पीळ बसण्याइतकी पकड त्यावर भरपूर असते. आणि टायरकडे पकड मोजकीच असते. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झुंजत असतील तर त्या मोजक्या पकडीतला वाटा त्या झुंजीतच जातो, वळायला कमी उरतो. पुढची चाकं वळवली तरी गाडी सरळ जाऊ बघते. उतारावर मुलं मागे बसलेली असताना हे त्याला पहिल्यांदा कळावं, हे मला नको आहे.

आणि ब्रेक! त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की फोर-हायमध्ये ब्रेक चांगला लागतो. अरे, ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांनाच असतात. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करते, थांबायला नाही. निसरड्या रस्त्यावर तर उलट फसवते, कारण गाडी इतकी छान निघते की आपण वेग वाढवतो, आणि थांबायची वेळ आली की ती कणभरही जास्त मदत करत नाही. याचं मला सगळ्यात भय वाटतं.

मध्येच, धाकटीचा निकाल छान लागला हे कळलं, तिला माझा आशीर्वाद. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. नवं घर लावून झालं का? पसारा तूच जास्त केला असशील.

तर मग ही लिव्हर वापरायची तरी कधी, असं तो विचारेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. खालची जमीन सुटी असेल तेव्हा: चिखल, वाळू, बर्फ, ओलं गवत, नदीचं पात्र, खडीचा चढ. आणि अडकल्यावर नाही, आत शिरण्याआधी लावायची. मागची चाकं गरागरा फिरत असताना लिव्हर ओढली तर पुढचा थांबलेला शाफ्ट आणि मागचा धावणारा शाफ्ट दातांवर आदळतात, तेव्हा खरंच काहीतरी तुटतं. चाकं सरळ, वेग बेताचा, पाय हलका, मग लिव्हर. फोर-लो (चारही चाकं, पण वेग कमी आणि ताकद जास्त) मात्र गाडी थांबवून किंवा जेमतेम सरकत असताना, क्लच दाबून. त्याच्या गाडीला पुढच्या चाकांच्या हबचं (मधल्या तुंब्याचं) कुलूप हाताने लावायचं असतं, ते गाडीतून उतरून आधीच लावायला सांग, गुडघाभर चिखलात उभं राहून नाही. सुट्या दगडांच्या तीव्र उतारावर फोर-लो लावून पहिल्या गिअरमध्ये ब्रेकवर नाही तर इंजिनाच्याच अटकावावर उतरणं, हे त्याने जरूर करावं. तिथे ती लिव्हर खरोखर जीव सांभाळते. डांबर लागलं की मात्र परत टू-हाय. मध्ये चिखलाचा पट्टा आला तर पुन्हा लावावी, पुन्हा काढावी. हात हलवायला कंटाळा कसला?

एक मुद्दा तो हमखास काढेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. "काही गाड्या तर कायम चारही चाकांवर चालतात, त्या कशा नाही जखडत?" कारण त्यांच्यात पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये तिसरं डिफरन्शियल असतं. 1970 च्या रेंज रोव्हरमध्ये होतं, 1977 च्या लाडा निवामध्ये होतं, आणि चिखलात गेलं की ते लॉक करायची सोय होती. त्याआधी, 1948 च्या पहिल्या लँड रोव्हरमध्ये पुढच्या शाफ्टवर फ्रीव्हील बसवलं होतं. पुढच्या चाकांना जास्त वेगाने फिरावंसं वाटलं की ते सोडून द्यायचं, म्हणून ती गाडी कायम चारही चाकांवर ठेवूनही जखडत नसे. महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये यातलं काही नव्हतं, पुढचा ॲक्सल जोडायची वेगळी लिव्हर होती आणि ती कधी ओढायची हे चालवणाऱ्यावर सोडलं होतं. भाच्याची गाडी त्या जातीची आहे. दुसऱ्या गाडीचे नियम हिला लावून चालणार नाही.

आणि आपलं ते स्टिअरिंगचं भांडण. पूर्ण वळवल्यावर हाताला जे हिसके बसायचे, ते तू पिळाचे म्हणायचास, मी चाकाजवळच्या जॉइंटचे. याचा निकाल लागू शकतो, हे मला या निमित्ताने सुचलं. साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात असला की एका फेरीत दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. म्हणजे हिसका चाकाच्या फेरीच्या तालात आला पाहिजे, आणि सुट्या मातीवरही आला पाहिजे. पीळ असेल तर मातीवर जाणवणार नाही, डांबरावर वाढत जाईल. आपली जीप मातीवरही हिसके द्यायची. आता तूच ठरव.

भाच्याशी बोलशील तेव्हा नुसतं बोलू नकोस, त्याला गाडी घेऊन मोकळ्या जागी ने. आधी टू-हायमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश एक वर्तुळ काढायला लाव, ॲक्सिलरेटर न देता. मग फोर-हाय लावून तेच, पण कडक जमिनीवर दोन-चार मीटरच, जास्त नको. गाडी कशी आपली आपण थांबते ते त्याच्या पायाला आणि हाताला कळू दे. त्यानंतर मातीत जाऊन तेच वर्तुळ काढू दे. माझी सगळी गणितं तो विसरेल, हे विसरणार नाही.

टायरचं मोजमापही तिथेच उरक. पुढच्या टायरला खाली खडूची खूण कर, जमिनीवरही कर, गाडी सरळ ढकलून चाकाची एक पूर्ण फेरी होऊ दे आणि अंतर फितीने माप. मग मागच्याचं. हवा आधी चारही टायरमध्ये पुस्तकात लिहिलीय तेवढी भर, नाहीतर तो तिथेच वाद घालेल. फरक किती निघतो ते मला कळव. जास्त निघाला तर डोंगरात जायच्या आधी मागचे दोन टायर बदलून घे म्हणावं, आणि माझं नाव घेऊ नकोस. तुझी कल्पना म्हणून सांग, म्हणजे लगेच करेल.

येत्या रविवारी तो घरी असतो. त्या आधी जमलं तर आणखी बरं.

तुझा,
मित्र