ब्लिंक झालं की थेट रोबोटवर उडी नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांसाठी विज्ञानाचे प्रयोग तुम्ही छापता ते मी आवर्जून वाचते आणि त्यात आता आर्डुइनोसारख्या, म्हणजे प्रोग्राम घालून चालवता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवरचे प्रोजेक्टही यायला लागलेत याचा मनापासून आनंद आहे, म्हणूनच हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल, फक्त रिलेबद्दलचा, म्हणजे बोर्डने चालू-बंद करता येणाऱ्या स्विचबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

मुलांना आणि मोठ्यांनाही हे बोर्ड शिकवण्याचं काम मी करते आणि मला सगळीकडे एकच गोष्ट दिसते. पहिल्या दिवशी एलईडी लुकलुकवायला शिकवतात, म्हणजे ते ब्लिंक, आणि दुसऱ्याच दिवशी एकदम अडथळा बघून वळणारी गाडी नाहीतर मोबाईलवरून चालू-बंद होणारा दिवा. मधलं काहीच नाही. मुलं फोटोत बघून वायरी खोचतात, कोड कॉपी पेस्ट करतात, गाडी पळते, सगळे खूश होतात आणि मग एक वायर सैल झाली की ती गाडी कपाटात जाते ती कायमची, कारण ती का पळत होती हेच माहीत नसेल तर का थांबली हे ते मूल शोधणार कसं?

खरं तर आर्डुइनो हा बोर्ड समजून घेण्यासाठीच बनलाय. 2005 साली इटलीतल्या इव्रिया गावात डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, तोही इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांना परवडावा आणि वापरता यावा म्हणून. त्याच्या आधी त्याच संस्थेत हर्नांडो बारागान या विद्यार्थ्याने वायरिंग नावाचा प्रोजेक्ट केला होता, त्याच्या पायावर हे उभं राहिलं, त्याचं नाव फार कमी ठिकाणी घेतलं जातं म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. आर्डुइनो ऊनो आर 3 या बोर्डवरच्या (पुढेही ऊनो म्हणजे हाच) चिपमध्ये प्रोग्रामसाठी 32 किलोबाइट जागा आणि रॅम फक्त 2 किलोबाइट. आजच्या फोनपुढे हे काहीच नाही, पण त्यामुळेच आत काय चाललंय ते नवख्या माणसाच्याही डोक्यात पूर्ण मावतं.

आता मधल्या पायऱ्या म्हणजे काय ते सांगते. एलईडीबरोबर 220 ओहमचा रेझिस्टर लावा असं सगळेच सांगतात, का ते कुणी सांगत नाही. पिनमधून 5 व्होल्ट येतात, लाल एलईडी त्यातले साधारण 2 घेतो, उरलेले 3 रेझिस्टरवर पडतात, 3 भागिले 220 म्हणजे 13-14 मिलिअँप. ऊनोच्या एका पिनमधून 20 मिलिअँपपर्यंतच घ्यावेत, 40 ही अगदी शेवटची हद्द, त्यापुढे पिन जाऊ शकते. एवढं गणित शाळेतल्या ओहमच्या नियमाचंच आहे की! मग मुलांना म्हणायचं की आता 1000 ओहमचा लावून बघ पण आधी सांग प्रकाश किती कमी होईल. करंट चौपटीपेक्षा जास्त घटतो पण डोळ्याला तेवढा फरक जाणवत नाही, आणि तिथून जे प्रश्न सुरू होतात ते कुठल्याही तयार किटमध्ये मिळत नाहीत.

पण मला सगळ्यात महत्त्वाची पायरी वाटते ती बटनाची. साधं पुश बटन. एक टोक 5 व्होल्टला, दुसरं पिनला, बटन दाबलं की पिनला हाय (म्हणजे 5 व्होल्ट) दिसणार, सोडलं की लो (म्हणजे शून्य), असं सगळ्यांना वाटतं आणि प्रत्यक्षात बटन सोडलं तरी एलईडी मनाला येईल तसा चमकत राहतो, नुसता हात जवळ नेला तरी बदलतो. कारण बटन सोडल्यावर ती पिन कशालाच जोडलेली नसते, अधांतरी असते, आणि आसपासच्या वायरींमधला विजेचा गोंगाट ती अँटेनासारखी पकडते. हे बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. सर्किटमध्ये काहीच न जोडणं म्हणजे शून्य नव्हे ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही, इथे समोर दिसते. उपाय म्हणजे पिनला रेझिस्टरने एका बाजूला ओढून धरायचं, चिपच्या आतच 5 व्होल्टकडे ओढणारा असा रेझिस्टर असतो, त्याला पुलअप म्हणतात, कोडमध्ये इनपुट पुलअप लिहिलं की चालू होतो, मात्र मग बटनाचं 5 व्होल्टला लावलेलं टोक तिथून काढून ग्राउंडला जोडायचं आणि दाबलं की लो वाचायचं, सगळं उलटं. या उलटेपणावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्यावा.

आणि त्याच बटनावर आणखी एक प्रयोग, किती वेळा दाबलं ते मोजून सीरियल मॉनिटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर बोर्डचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीत दाखवायचं. एकदा दाबलं की आकडा कधी एकने वाढतो कधी तीनने. आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटून काही मिलिसेकंद उसळतात, आपल्याला ते कळत नाही पण 16 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपला प्रत्येक उसळी वेगळी दिसते. याला बाउन्स म्हणतात. मग कोडमध्ये थोडं थांबायला शिकायचं आणि तिथेच डिलेची, म्हणजे थांबायला सांगणाऱ्या आज्ञेची अडचणही कळते, की डिले चालू असताना लूप, म्हणजे सारखा फिरत राहणारा प्रोग्रामचा भाग, तिथेच अडकतो आणि दुसरं बटन दाबलेलं त्याला कळतच नाही, म्हणून मिलिस (बोर्ड सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले ते सांगणारी आज्ञा) वापरून वेळ बघत बघत काम करायचं. जो मुलगा किंवा मुलगी इथवर आली ती पुढे स्वतःच्या हिमतीने काहीही बनवू शकते असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर, आणि 10 किलोओहमचा रेझिस्टर, दोघांच्या मधून पिन काढली की उजेडाप्रमाणे 0 ते 1023 मधला आकडा येतो. याला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात आणि हे एक सर्किट आलं की पुढे बरीच दारं उघडतात. उदाहरण देते. अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एचसी एसआर 04, हा 5 व्होल्टवर चालतो. ऊनोसाठी लिहिलेलं त्याचं कनेक्शन बघून मुलं तसंच ईएसपी 32 किंवा रास्पबेरी पाय पिकोला जोडतात, ते बोर्ड 3.3 व्होल्टचे, आणि सेन्सरच्या इको पिनमधून (परत आलेल्या आवाजाची खबर देणाऱ्या) येणारे 5 व्होल्ट त्यांच्या पिनवर जातात, त्याने पिन खराब होऊ शकते. ज्याला डिव्हायडर माहीत आहे तो दोन रेझिस्टर लावून हे टाळतो. तसंच त्या सेन्सरच्या कोडमध्ये वेळेला 58 ने भागलेलं असतं, ते 58 कुठून आलं कुणी विचारत नाही. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण 29 मायक्रोसेकंद, जाऊन परत यायचं म्हणून दुप्पट. हे मुलांकडूनच काढून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

मोटर थेट पिनला जोडू नये, ट्रान्झिस्टर किंवा मोटर ड्रायव्हर हवा, मोटरला वेगळी बॅटरी द्यायची आणि दोन्हींचा ग्राउंड एकत्र करायचा, एवढं तरी प्रत्येक लेखात असावं. बोर्ड मधेच रीसेट होतो अशी जी तक्रार येते ती बऱ्याचदा मोटर किंवा सर्व्होने (ठरावीक कोनात फिरणाऱ्या मोटरने) एकदम जास्त करंट खेचल्याची असते, कोडमध्ये चूक शोधत बसून काही सापडत नाही.

आता रिले. घरातल्या सॉकेटवरचा दिवा रिलेने लावायचा प्रोजेक्ट नवशिक्यांसाठी म्हणून सर्रास दाखवतात आणि ते बघून मला अक्षरशः धडकी भरते. त्या छोट्या मॉड्यूलच्या खालच्या बाजूला सोल्डरचे उघडे टोक असतात, मेन्सची, म्हणजे घरातल्या सॉकेटमधल्या विजेची वायर जोडली की त्यांच्यात मेन्सची वीज असते आणि टेबलावर पसरलेल्या जंपर वायरींमध्ये मुलाचा हात तिथे सहज लागू शकतो, माणूस मरू शकतो त्याने. ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी खोचायचा भोकांचा बोर्ड, तर मेन्ससाठी बनलेलाच नाही. तोच रिले, तोच कोड, तोच टिक आवाज, बॅटरीवरच्या छोट्या बल्बवर सगळं जसंच्या तसं शिकता येतं, मग हा धोका घ्यायचाच कशाला? तुम्हाला हात जोडून विनंती आहे की मुलांच्या पानावर मेन्सचा एकही प्रोजेक्ट छापू नका, "मोठ्यांच्या देखरेखीखाली" अशी ओळ टाकून सुद्धा नको, कारण देखरेख करणाऱ्या मोठ्यांनाही बऱ्याचदा यातलं माहीत नसतं.

दुसरी विनंती, वायरींच्या रंगीत फोटोबरोबर सर्किट डायग्रामही छापत जा. फोटोवरून नक्कल होते, डायग्राम वाचता आला तर दुसऱ्या बोर्डवरही तेच सर्किट जोडता येतं. आणि प्रत्येक प्रोजेक्टखाली चार ओळी "चाललं नाही तर काय बघायचं" याच्या द्या. यूएसबी केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना, एलईडी उलटा तर नाही ना, लांब ब्रेडबोर्डवर कडेची वीज पुरवणारी पट्टी काही वेळा मधे तुटलेली असते ती जोडली का, मल्टिमीटरचा बीप लावून कुठली वायर आतून तुटलीय ते कसं शोधायचं. जागा कमी पडली तर कोड कमी छापा पण या चार ओळी ठेवा, आणि सुरुवात बटनाच्या प्रोजेक्टपासून करा.

आपली,
एक नियमित वाचक