अपेक्षाभंग नेमका कोणाचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाजावाजा झालेला चित्रपट पडला किंवा नावाजलेला संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, की 'अपेक्षाभंग' आणि 'भ्रमनिरास' हे शब्द बातम्यांतून एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. दोहोंत अंतर आहे आणि ते जपले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

'भंग' जोडलेले शब्द मराठीत दोन वळणांनी चालतात. आज्ञाभंग, वचनभंग, शिस्तभंग यांत मोडणारा दोषी असतो. मनोभंग, तेजोभंग यांत मात्र ज्याचे काही मोडते त्याची अवस्था सांगितलेली असते. अपेक्षाभंग या दुसऱ्या वळणाचा आहे. तो अपेक्षा बाळगणाऱ्याचा होतो, ती पुरी न करणाऱ्याचा नव्हे. त्यामुळे 'संघाचा अपेक्षाभंग' या मथळ्यातून संघालाच कोणी निराश केले असा अर्थ निघतो. लिहिणाऱ्याला बहुधा 'संघाकडून चाहत्यांचा अपेक्षाभंग' असे म्हणायचे असते. (त्यापेक्षा 'संघ अपेक्षेला उतरला नाही' हे सरळ आणि सोपे.)

'भ्रमनिरास'चा घोटाळा निराळा आहे. त्यातला 'निरास' म्हणजे निराशा नव्हे, तर दूर करणे. शंकानिरसनातले 'निरसन' त्याचेच भावंड. 'भ्रमनिराश' असे चुकीचे लेखन या गफलतीतूनच होते. शब्दाला आज खिन्नतेची छटा चिकटली आहे आणि ती पुसण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, पण आधी भ्रम असल्याशिवाय त्याचा निरास होत नाही, एवढे तरी ध्यानात ठेवावे. महिनाभरात पैसे दुप्पट होतील असे मानणाऱ्याचा भ्रमनिरास होतो. जाहीरपणे दिलेले आश्वासन पाळले जाईल असे समजणाऱ्या नागरिकांचा मात्र अपेक्षाभंगच होतो, कारण त्यांची अपेक्षा रास्त होती. तिथे 'भ्रमनिरास' लिहिले की आश्वासन मोडणारा सुटतो आणि विश्वास ठेवणारेच भोळसट ठरतात. बातमीदाराला असा निवाडा द्यायचा असेल तर त्याने तो उघडपणे द्यावा.

मथळ्यात जागा कमी असते, हे मान्य. म्हणून अलीकडे 'हिरमोड' हा आटोपशीर शब्द पुढे येतो. सामना पावसात वाहून गेला तर तो शोभतो. नोकरी गेलेल्या कामगारांना भरपाई नाकारल्याच्या बातमीवर तो छापणे ही निव्वळ थट्टा आहे.

आपला,
एक नियमित वाचक